वरातीचा मूळ आवाज : एका बँडपटाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, सांगली

गेली अकरा वर्षे मी लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करते. कॅमेरा आमचे भाऊजी सांभाळतात. या काळात वरातीचा भाग शेकडो वेळा माझ्या टाइमलाइनवर आला आणि प्रत्येक वेळी मी एकच गोष्ट केली : कॅमेऱ्यातला आवाज बंद केला आणि त्या जागी सिनेमातले मूळ गाणे लावले. पडद्यावर बँडवाल्यांचे गाल फुगलेले दिसतात, पिस्टनवर बोटे चालताना दिसतात आणि ऐकू येतो मात्र मुंबईच्या स्टुडिओतला वाद्यवृंद. मागच्या महिन्यात मिरजेच्या एका बँडमास्तरांनी आपल्याच घरच्या लग्नाची आम्ही केलेली फीत पाहिली आणि पेनड्राइव्ह परत देताना अगदी शांतपणे विचारले, "ताई, वाजवलं आम्ही, आणि ऐकू येतंय कोण?"

त्या प्रश्नापासून हा प्रकल्प सुरू होतो आहे. एका लगीनसराईभर त्यांच्या बँडसोबत राहून साधारण चाळीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. निवेदन नसेल, आणि जो आवाज जिथे वाजला तोच तिथे लावायचा हा नियम मी स्वतःवर घालून घेतला आहे. दुसरा नियम असा की निदान एक चीज पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये न तोडता, पडद्यावर राहिली पाहिजे. भाऊजींना दुसरा नियम धोक्याचा वाटतो. लग्नाच्या कामात आम्ही कुठलेही दृश्य चार सेकंदांच्या पुढे ठेवत नाही.

१९ जानेवारी, मिरज

आज सरावाच्या खोलीत गेलो, कॅमेरा न नेता. सतरा वादक आहेत : चार ट्रम्पेट, दोन क्लॅरोनेट, दोन युफोनियम, एक सॅक्सोफोन, बाकी साइड ड्रम, ढोल, खुळखुळा, आणि हातगाडीवरचे कीबोर्ड व पॅड. पितळी वाद्ये देशातल्या बहुतेक बँडच्या वाद्यांप्रमाणे मेरठहून आलेली आहेत. एका युफोनियमच्या नळीवर इतके डाग दिले आहेत की मूळ पितळ किती आणि डाग किती हे सांगणे कठीण आहे.

ज्येष्ठ क्लॅरोनेटवादकांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. बोलत असताना त्यांच्या ओठांत सतत रीड, म्हणजे क्लॅरोनेटच्या तोंडाशी बसणारी वेताची पातळ पट्टी, असते, कारण कोरडी रीड नीट बोलत नाही. क्लॅरोनेटच्या एका चावीची स्प्रिंग तुटलेली असून तिथे औषधाच्या पुडीला लावतात तसे रबर गुंडाळले आहे. चाचांचे म्हणणे असे की स्प्रिंग मिळते, पण रबराचा ताण आता बोटाला माहीत झाला आहे. हे रबर चित्रपटात यायलाच हवे असे मी वहीत लिहून ठेवले. मास्तरांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांची सारेगम लिपीत लिहिलेली एक वही निघाली. तिच्यात सिनेमाच्या गाण्यांबरोबर बरीच नाट्यपदे आहेत.

२ फेब्रुवारी, सांगली

वसंत पंचमी, मोठी तिथ. गावभागातली वरात, आणि आमच्या चित्रीकरणाचा पहिला दिवस, जो जवळजवळ पूर्ण वाया गेला.

दोन कॅमेरे होते : एक भाऊजींच्या खांद्यावर बँडच्या मध्ये आणि दुसरा एका माडीवर. स्वतंत्र ध्वनिमुद्रक मी हातगाडीला बांधला, कारण ती जागा बँडच्या मधोमध असते. त्याच गाडीला मागे जनरेटर जोडलेला असतो हे मला अकरा वर्षे दिसत आले होते, पण ऐकू कधीच आले नव्हते, कारण तो आवाज मी नेहमी बंदच केलेला असे. तासाभराच्या मुद्रणात तळाशी जनरेटरची अखंड घरघर आहे आणि तिच्यावर ढोलाचा प्रत्येक ठोका फाटलेला आहे. पातळी मी सरावाच्या खोलीत ठरवली होती. रस्त्यावर, नवरदेवाचे मित्र नोटा दाखवू लागल्यावर, ढोलवाला त्याच्या दुप्पट जोराने वाजवतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे सुरुवातीला टाळी दिली नाही, म्हणजे चित्र आणि वेगळा मुद्रित केलेला आवाज नंतर जुळवायला खूणच उरली नाही. गर्दीत भाऊजींनी मला हात केला, मी त्यांना केला आणि वरात निघाली.

४ फेब्रुवारी

दोन रात्री केवळ आवाज आणि चित्र जुळवण्यात गेल्या. स्वतःची समजूत काढण्यासाठी 'अमेझिंग ग्रेस' या मैफलीच्या चित्रपटाची हकिकत पुन्हा वाचली. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चमध्ये गायिका अरिथा फ्रँकलिन दोन रात्री गायल्या. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांच्या चमूने क्लॅपबोर्ड वापरला नाही, त्यामुळे फिल्म एकीकडे आणि ध्वनिफीत दुसरीकडे अशी अवस्था झाली. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी बाजारात आली. चित्रपट मात्र डिजिटल तंत्राने जुळवणी झाल्यानंतर आणि पुढच्या कायदेशीर अडचणी सुटल्यानंतर २०१८ मध्ये लोकांसमोर आला. एका टाळीची किंमत शेहेचाळीस वर्षे नसेल, पण तिचा त्यात मोठा वाटा आहे.

आमच्या अडचणीत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या करायला मला वेळ लागला. पहिली गोष्ट अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, आणि आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चौकटींचे (फ्रेमचे) चित्रण करतो तेव्हा एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे वादकापासून चौदा मीटरवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला प्रत्येक सूर एक चौकट उशिरा ऐकू येतो आणि चाळीस मीटरवरच्या माडीला जवळजवळ तीन चौकटी. माडीवरच्या कॅमेऱ्याचा आवाज मुद्रकाच्या आवाजाशी अचूक जुळवला की चित्र चुकते, ते याच कारणाने. दुसरी गोष्ट घड्याळाची. कॅमेरा आणि मुद्रक यांची अंतर्गत घड्याळे किंचित वेगळ्या चालीने चालतात. सुरुवातीला जुळलेले चित्र पन्नास मिनिटांनंतर तीन चौकटींनी सरकलेले सापडले. चेहऱ्यावर हे कदाचित खपून जाईल. साइड ड्रमच्या काडीवर ते खपत नाही, कारण काडी चामड्याला टेकताना दिसते आणि ठोका नंतर येतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक चीज सुरू होण्यापूर्वी मास्तर एरवीही शिट्टी वाजवतातच. यापुढे शिट्टीबरोबर ते दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी देतील. म्हणजे जुळवणी दर चार-पाच मिनिटांनी नव्याने होईल आणि घड्याळाच्या घसरणीला वावच उरणार नाही.

१६ फेब्रुवारी, विश्रामबाग

टाळीची पद्धत चालली. मास्तरांना ती इतकी आवडली की वरातीतली मुलेही टाळ्या देऊ लागली आणि एका चिजेच्या आधी मला सात टाळ्या मिळाल्या.

मुद्रक आता गाडीवर नाही. एक छोटा मुद्रक युफोनियमवाल्याच्या पट्ट्याला आणि दुसरा चाचांच्या गणवेशाच्या आत, कॉलरपाशी लावला. दोन्हींची पातळी इतकी खाली ठेवली की ऐन जोरातही वरचा काटा उणे बारा डेसिबलच्या पुढे जाऊ नये. चाचांच्या मुद्रणात प्रत्येक ओळीआधी त्यांचा श्वास ऐकू येतो आणि त्या रबराचा अगदी बारीक 'टक' असा आवाजही येतो. एलईडीच्या छत्र्यांमुळे चित्रात काळे पट्टे येत होते. शटर बदलून बरेचसे गेले, जनरेटरची गती डगमगते तिथले राहिले.

खरा प्रश्न कॅमेरा कुणाकडे पाहील हा आहे. लग्नाच्या सवयीने भाऊजींचा कॅमेरा दर काही सेकंदांनी नाचणाऱ्यांकडे वळतो. त्यांना मी 'स्टॉप मेकिंग सेन्स' दाखवला. जोनाथन डेमी यांनी टॉकिंग हेड्स या बँडचे डिसेंबर १९८३ मधले कार्यक्रम चित्रित करून १९८४ मध्ये तो प्रदर्शित केला. त्याची सुरुवात रिकाम्या रंगमंचावर एकटा गायक गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो तिथून होते. मग एकेका गाण्यागणिक एकेक वादक येतो, मागे वाद्यांचे चौथरे ढकलत आणले जातात आणि बँड आपल्या डोळ्यांदेखत उभा राहतो. प्रेक्षक जवळजवळ शेवटापर्यंत दाखवलेलेच नाहीत. श्रोत्यांचा आनंद दाखवून आपल्याला आनंद व्हायला सांगणे हा आळस आहे, असे माझे त्यावरून मत झाले आणि भाऊजींचे झाले नाही. त्यांचा युक्तिवाद असा की रंगमंचावरचा बँड प्रेक्षकांशिवाय उभा राहू शकतो, पण वरातीतला बँड नाचणाऱ्यांकडे बघूनच लय वाढवतो, म्हणून नाचणारे हे श्रोते नसून जवळजवळ वादकच आहेत. यात तथ्य आहे हे मला मान्य करावे लागले. तडजोड अशी ठरली की नाचणारे दिसतील, पण मास्तरांच्या खांद्यावरून, म्हणजे मास्तरांना ते जसे दिसतात तसे.

१ मार्च

परण्याच्या वेळी, म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेताना, भाऊजींच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि नेमक्या त्याच तीन मिनिटांत दोन्ही युफोनियमवाल्यांनी कधी न ऐकलेली जुगलबंदी केली. मी मारुतीच्या देवळाच्या पायरीवर दुसरा कॅमेरा चालू ठेवून पाणी प्यायला गेले होते, म्हणून ती मिळाली; चौकटीत एक खांब आहे, पण मिळाली. 'द लास्ट वॉल्ट्झ' या मैफलीच्या चित्रपटासाठी मार्टिन स्कॉर्सेसी यांनी गाण्याच्या ओळींसमोर कॅमेऱ्याच्या हालचाली लिहून काढल्या होत्या, आणि तरीही नोव्हेंबर १९७६ च्या त्या रात्री मडी वॉटर्स यांचे गाणे एकाच कॅमेऱ्याने टिपले, कारण बाकीचे कॅमेरे त्या वेळी बंद होते. तिथे खांब नव्हता एवढाच फरक.

९ मार्च

हक्कांचा प्रश्न आज अंगावर आला. चाचणीसाठी दोन मिनिटांचा तुकडा इंटरनेटवर चढवला. बँडने वाजवलेली चाल यंत्राने ओळखली आणि काही मिनिटांत मालकीचा दावा आला. वाजवणारे मिरजेचे, मुद्रण माझे, पण चाल संगीत कंपनीची, आणि ते योग्यही आहे.

मग कायदा वाचला. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या सादरीकरणाला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे त्यात मोडतात, असे स्पष्टीकरण तिथेच दिलेले आहे. म्हणजे मास्तर रस्त्यावर कुठलेही सिनेमागीत निर्धास्त वाजवू शकतात. ते वाजवत असताना मी केलेला चित्रपट मात्र या सुटीत बसत नाही, कारण चित्रपट म्हणजे वरात नव्हे. एकच सूर रस्त्यावर मोकळा आहे आणि माझ्या संगणकात आल्याबरोबर बांधलेला आहे. (लग्नाच्या फितींत आम्ही जी गाणी लावतो ती कुणाच्या परवानगीने लावतो, हा प्रश्न मी या वहीत लिहून ठेवते आणि पुढे जाते.)

कंपनीकडून तीन गाण्यांची परवानगी घेण्याचा खर्च आमच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त होईल. दुसरा मार्ग मास्तरांनीच सुचवला : वडिलांची वही. संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, आणि वहीत 'संगीत शारदा'मधली पदे आहेत. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीच्या शेजारच्या हरिपूरचे. त्यांचे हे नाटक १८९९ चे आणि ते स्वतः १९१६ मध्ये वारले. त्यांच्या पदांवर आज कुणाचा दावा उरलेला नाही.

निवड झाली ती 'मूर्तिमंत भीती उभी' या पदाची. मास्तर म्हणाले, "ताई, वरातीत हे आम्ही कधीच वाजवत नाही. म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघालेल्या पोरीचं पद. एखाद्या आजीला शब्द आठवले तर सुपारीचे पैसे बुडतील."

वादकांच्या लेखी संमत्यांचा कागदही आज तयार केला, कारण कायद्याने सादरकर्त्याचाही आपल्या वादनावर हक्क असतो. सतरापैकी बारा सह्या झाल्या.

२३ मार्च, मिरज

पद बसवण्याचा सराव, आणि आजचा सगळा दिवस सूर लावण्यात गेला.

दुपारी पत्र्याच्या खोलीत पितळ तापते आणि सूर चढतात. फुंकीच्या सगळ्याच वाद्यांचे हे असते, कारण तापलेल्या हवेत आवाज वेगाने जातो. पूर्वी सगळा बँड मिळून चढत असे, त्यामुळे कुणाला काही जाणवत नसे. आता हातगाडीवर कीबोर्ड आहे आणि तो थंडी असो की ऊन, मधल्या 'ए'ला सेकंदाला ४४० कंपनांवरून हलत नाही. बँडची पट्टी काळी पाच, पण दुपारी तीनच्या सुमाराला वादकांची काळी पाच आणि कीबोर्डची काळी पाच यांत कानाला खुपेल इतके अंतर पडले होते. चाचांनी क्लॅरोनेटचा सांधा थोडा बाहेर ओढून सूर उतरवला, ट्रम्पेटवाल्यांनी आपली नळी सरकवली, तरी मेळ बसेना. शेवटी कीबोर्डवाल्या पोराने मेनूमध्ये शोधाशोध करून ४४० चे ४४६ केले. ही सोय आपल्या यंत्रात आहे हे त्याला सहा वर्षांत कुणी सांगितले नव्हते. पुढच्या मात्रेवर जो एकत्र सूर आला त्याने खोलीचा पत्रा थरथरला, आणि मास्तर काही न बोलता खाली बसले.

हे सगळे, जवळजवळ अकरा मिनिटे, मी सलग चित्रित केले आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीच्या चित्रपटात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा वाद्ये लावतात, आणि लावून झाल्यावर श्रोते टाळ्या वाजवतात. तेव्हा रविशंकर हसून म्हणतात की वाद्ये लावणे एवढे आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. लोक तो प्रसंग श्रोत्यांच्या अडाणीपणाचा म्हणून सांगतात. सतार-तंबोऱ्यांच्या गावात उभे राहून मला मात्र त्या श्रोत्यांचा राग येत नाही. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो आणि तार छेडून पाहतो, पुन्हा फिरवतो आणि पुन्हा छेडतो. ते ऐकत मिरजेच्या दुकानात तासभर बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही.

५ एप्रिल, हरिपूर

पहाटे साडेपाचला टेम्पो निघाला. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, संगमेश्वराच्या देवळाच्या बाजूला घाटावर बँड उभा केला. जनरेटर नाही, कीबोर्ड नाही, एलईडीच्या छत्र्या नाहीत. गणवेश घालावा की नाही यावर वाद झाला. मास्तरांनी घालायचाच म्हटले, कारण साध्या कपड्यांत ट्रम्पेट हातात घेतले की आपण दुरुस्तीला निघालो आहोत असे वाटते.

तीन वेळा वाजवले. पहिल्या वेळी नदीपलीकडून मोटारीचा पंप सुरू झाला. दुसऱ्या वेळी सगळे अचूक वाजले आणि तरीही काही घडले नाही. तिसऱ्या वेळी दुसऱ्या अंतऱ्यावर चाचा ठरलेल्या जागी आले नाहीत. त्यांनी दोन मात्रा सोडल्या, ढोलवाल्याने ते ओळखून हात मागे घेतला, आणि त्या मोकळ्या जागेत फक्त युफोनियमचा षड्ज उरला. मग क्लॅरोनेट आले. चार मिनिटे दहा सेकंद, एकच कॅमेरा, तो चाचांच्या बोटांपासून हळूहळू मागे जातो आणि शेवटी सतराही जण चौकटीत येतात. चाचांनी जागा चुकवली की मुद्दाम सोडली हे मी विचारले नाही. भाऊजींनी विचारले, तर त्यांनी रीड काढून पेटीत ठेवली आणि चहा कुठे आहे ते विचारले.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. बँडचे दोन भाग करून तीन सुपाऱ्या घेतल्या होत्या. आमचीही दोन लग्ने होती. चित्रीकरण झाले नाही.

१४ मे

संकलन. सिनेमागीते वाजत असतानाचे भाग वगळल्यावर वरातीत उरले काय, तर चालण्याचे ठोके, शिट्ट्या, दोन चिजांमधली सुराची चाचपणी, आरती, आणि वादक एकमेकांना देतात त्या सूचना. सुरुवातीला ही गळती वाटली होती. आता वाटते की बँडचे बोलणे ऐकायला मिळाले ते गाणी बाजूला झाली म्हणून.

पहिल्या दिवसाचे फाटलेले मुद्रण वाचवण्याचाही प्रयत्न केला. पीटर जॅक्सन यांच्या चमूने बीटल्सवरच्या 'गेट बॅक' या माहितीपटासाठी जानेवारी १९६९ च्या एकपदरी (मोनो) फितींमधून यंत्राला शिकवून गिटार, ड्रम आणि बोलणे वेगळे काढले होते, तेव्हा मीही फुकट मिळणाऱ्या एका प्रणालीकडून जनरेटरमधून क्लॅरोनेट वेगळे काढून पाहिले. निघाले, पण हौदात बुडवून वाजवल्यासारखे, आणि श्वास मात्र पूर्ण गेला, कारण यंत्राला तो जनरेटरचाच भाग वाटला. तो तुकडा टाकून दिला.

२५ मे, मिरज

वळिवामुळे आजची वरात रद्द झाली, म्हणून सरावाच्या खोलीतच पडदा लावून बँडला एकोणचाळीस मिनिटांची कच्ची प्रत दाखवली. पत्र्यावर पाऊस इतका होता की पहिली दहा मिनिटे कुणाला नीट ऐकू आले नाही आणि मला पुन्हा सुरुवातीपासून लावावे लागले.

ट्रम्पेटवाल्यांनी आपापल्या चुका बोट दाखवून सांगितल्या. मास्तरांना सूर लावण्याचा भाग फार लांब वाटला. तो अकरावरून सात मिनिटांवर आणते आहे, त्यापेक्षा कमी करणार नाही असे मी त्यांना सांगितले. हरिपूरचे पद चालू असताना चाचा पडद्याकडे पाहत नव्हते, मांडीवर बोटे चालवत होते, आणि त्या दोन मात्रांच्या जागी त्यांची बोटे थांबली नाहीत. मास्तरांनी शेवटी एवढेच विचारले की याचा नुसता आवाज मोबाइलवर मिळेल का, कारण सुपारी ठरवायला येणाऱ्यांना ऐकवायला त्यांच्याकडे आजवर स्वतःचे असे काहीच नव्हते. फाइल लगेच दिली.

उरलेली कामे : सूर लावण्याच्या भागाची काटछाट, आरतीच्या भागातली रंगदुरुस्ती, आणि एका साइड ड्रमवाल्याची सही, जो हंगाम संपल्यावर गवंडीकामाला कोल्हापूरकडे गेला आहे आणि ज्याचा फोन तीन दिवस लागत नाही. विश्रामबागच्या लग्नाची फीतही द्यायची राहिली आहे. तिच्या वरातीत मी दीड मिनिट बँडचाच आवाज ठेवला होता. काल मुलीच्या मामांचा फोन आला की तिथे आवाजात काही बिघाड झालेला दिसतो, गाणे लावून द्या. दोन प्रती करते आहे.